तांबड्या पेन्सिलीचा गोल

डेन्मार्कभर ही रीत आहे, तशी आमच्या हॉर्सेन्सच्या पंप कारखान्यातही आहे. ज्याच्या हातून चूक होईल, त्यानं शुक्रवारी सकाळच्या कॉफीला केक आणायचा आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी गुणवत्ता विभागात तपासनीस. सव्वीस वर्षांत एकही केक आणलेला नाही. याचा मला जेवढा अभिमान होता, तेवढा माझ्या लग्नाचाही नव्हता.

म्हणून विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. आली गुड्रून. वय एकेचाळीस, ओडेन्सहून. आयत्या बिळावर नागोबा!

पहिल्याच शुक्रवारी बाई स्वतः केक घेऊन हजर. वर खोबऱ्याचा जाड थर.

"काल मी एका कागदावर मागच्या वर्षाची तारीख टाकली. खा आता," ती म्हणाली.

"साहेबच चुकायला लागल्यावर आम्ही काय करायचं?" यंत्रावरचा स्वेन ओरडला.

"तू दोन केक आणायचे."

सगळे खदखदून हसले. मी कॉफीच्या कपात बघत बसलो.

पुढे आक्रितच घडलं. महिन्याभरात दर शुक्रवारी टेबलावर तीन-तीन केक दिसायला लागले. इतकी वर्षं झाकलेल्या चुका लोक आपणहून सांगू लागले आणि तक्रारी येऊन परत येणारा माल निम्म्यावर आला. संचालक मला म्हणाले, "टॉर्किल, बघ, माणसं कशी मोकळी झाली!" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला सांगू, मी जळत होतो. मी सव्वीस वर्षं चुकलो नाही त्याचं कुणाला काही नाही, आणि ही चुकते म्हणून हिचं कौतुक!

मग एका मंगळवारी मला ते सापडलं. एका डेअरीच्या पंपांसाठी चारशे रबरी कड्या निघायच्या होत्या. गुड्रूननं सही केली होती, पण जुन्या ड्रॉइंगवर. कडीची खाच हवी त्यापेक्षा उथळ होती. दोन-चार आठवड्यांत सगळे पंप गळले असते. सवयीनं मी ड्रॉइंगवरच्या खाचेच्या आकड्याभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला आणि तिच्या दारापर्यंत गेलो. आत ती फोनवर कुणाशी तरी हसत होती.

सांगितलं तर काय होणार? शुक्रवारी आणखी एक केक, आणखी टाळ्या. नाही सांगितलं तर डेअरीची तक्रार येईल, हिची खुर्ची जाईल, आणि मग मी आहेच. मी कागद फायलीत परत ठेवला. गुरुवारी ट्रक गेला.

शुक्रवारी गुड्रून केक घेऊन उभी राहिली. या वेळी ती हसत नव्हती.

"चूक माझी. डेअरीच्या कड्यांवर जुनं ड्रॉइंग बघून सही केली. काल संध्याकाळी फाइल चाळताना लक्षात आलं. ट्रक कोल्डिंगहून परत बोलावलाय."

मग तिनं सगळ्यांना तुकडे वाटले. माझी बशी पुढे करताना आवाज खाली आणला.

"इथं तांबडी पेन्सिल एकटा तूच वापरतोस, टॉर्किल."

मी बशी हातात घेतली.

"पुढच्या शुक्रवारी तुझ्या केकची वाट बघते."

एवढंच. आठवडाभर मी संचालकांचं तोंड न्याहाळत होतो. चोराच्या मनात चांदणं! पण तिनं कुणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. आता तर मला तिचा त्या चांगुलपणाबद्दलही हेवा वाटायला लागला.

शुक्रवारी मी केक टेबलावर ठेवला आणि गलका झाला.

"अरे, सव्वीस वर्षांनी!" स्वेन टेबल बडवायला लागला. "बोल, बोल, काय दिवे लावलेस?"

गुड्रून काटा हातात धरून माझ्याकडे बघत होती. वाक्य मी रात्रीच पाठ केलं होतं. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही. एवढे सहा-सात शब्द.

"मी... तपासणीच्या वहीत चुकीची तारीख टाकली."

"अगदी गुड्रूनसारखी!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या तिलाही कधी मिळाल्या नव्हत्या.

गुड्रूननं काटा बशीत ठेवला आणि ती कामाला गेली. केकचा फडशा पडला. तिच्या बशीतला तुकडा तेवढा तसाच राहिला. तो उचलून टाकायला माझा हात पुढे होईना.