कुणाकडेच न बघणारी बाई

“ही… तूच आहेस का, वर्लीन?” मिस हॉलिसनं विचारलं.

“मीच. माझ्यासमोर दुसरं कोण बसणार?”

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात कर्मचाऱ्यांच्या कलाकामाचं प्रदर्शन होतं. दुपारी एकला म्हाताऱ्यांच्या घरची माणसं यायची होती. आचाऱ्यानं कोरलेले लाकडी पक्षी आणि ऑफिसातल्या मुलीची गोधडी मांडून झाली होती. खिडकीजवळच्या भिंतीवर वर्लीनचं चित्र होतं. सोफ्यावर रेललेली काळी बाई, अंगात कपड्यांच्या आत घालायची जांभळी रेशमी स्लिप, पिकू लागलेले कुरळे केस मोकळे सोडलेले. सुजके पाय उशीवर, पायाच्या नखांना लालभडक रंग. मांडीवर अर्धं सोललेलं संत्रं. बाई कुणाकडेच बघत नव्हती.

“छान आहे हं,” आश्रमाची व्यवस्थापक असलेली मिस हॉलिस म्हणाली, “पण जरा खासगी वाटतं. तू ते हातांचं काढलं होतंस ना, व्हीलचेअर ढकलणारे? कॅलेंडरवर छापलं आपण. काय ताकद होती त्यात!”

“ते लोकांनी वर्षभर बघितलं. आता हे बघू देत.”

“लोक इथं आपल्या आईवडिलांना भेटायला येतात, वर्लीन.”

“मग हिलाही भेटतील. त्यांच्या आयांना हीच आंघोळ घालते.”

मिस हॉलिस हसली आणि विषय त्या हसण्यावरच राहिला.

वर्लीन टब्स छप्पन्न वर्षांची. मेम्फिसमधल्या त्या आश्रमात एकवीस वर्षं म्हाताऱ्यांना उचलणं, पुसणं, भरवणं हेच तिचं काम. कुणी पडलं की पहिली हाक, “वर्लीनला बोलवा!” निम्म्या वयाच्या धडधाकट पोरीही तिलाच हाक मारत. गुडघे दुखतात म्हणून ती डॉक्टरकडे गेली, तर हातही न लावता तो म्हणाला, “तुम्ही बायका काटक असता.” तुम्ही म्हणजे काळ्या बायका, हे तिला विचारावं लागलं नाही. बोललं तर भांडकुदळ, गप्प राहिलं तर सोशिक. तिसरं नाव तिच्यासाठी कुणी राखूनच ठेवलं नव्हतं.

चर्चमध्येही तेच, फक्त दुसऱ्या बाजूनं. फोनवरचा चित्राचा फोटो बघून पाद्र्याची बायको कुजबुजली होती, “सिस्टर टब्स, आपल्या बायकांना लोकांनी कमी नावं ठेवलीत का? त्यात तू अशी स्लिपवर! काढायचंच तर अंगभर कपड्यातलं काढ, रविवारची टोपी घालून.”

ते चित्र वर्लीननं पाच महिने खपून काढलं होतं, सुटीच्या दिवशी, दार लावून. घरातल्या आईला तर अजूनही दाखवलं नव्हतं.

एक वाजता माणसं यायला लागली. तिच्याच पाळीवरची जोनेटा चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अगं बाई, नखं तर बघा! हिला आज कुणी हाक मारली नाही वाटतं?”

“मारली. हिनं ओ दिली नाही.”

दोघी खो खो हसल्या. तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला : “वर्लीन, खोली नंबर बारा.”

प्रुएटआजोबा न्हाणीघरात घसरले होते. त्यांना उठवून, कोरडं करून, पलंगावर निजवून येईतो अर्धा तास गेला. ती जेवणघरात आली तर तिच्या चित्राच्या खिळ्यावर कॅलेंडरचं पान होतं, चौकटीत घातलेलं. व्हीलचेअर ढकलणारे दोन काळे हात.

पांढऱ्या केसांची एक बाई पुढं आली आणि तिनं वर्लीनचे दोन्ही हात धरले. “हेच ना ते हात? माझी आई तुमच्या जिवावर जगतेय हो!” तिचे डोळे भरून आले होते.

“थँक यू, मॅडम,” वर्लीन म्हणाली. आपलाच आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला.

चित्र चादरींच्या खोलीत होतं, खोक्यांच्या मागं, तोंड भिंतीकडे करून. मिस हॉलिस तिथंच आली.

“एका कुटुंबाला अवघडल्यासारखं झालं गं. मनाला लावून घेऊ नकोस. तू तर किती खंबीर आहेस!”

“नाहीये मी खंबीर, मिस हॉलिस. मला वाईट वाटलंय.”

“आवाज चढवू नकोस, प्लीज.”

वर्लीनचा आवाज चढला नव्हता. नोकरी सोडते, हे शब्द ओठांवर आले होते. पण आईचं औषध याच नोकरीच्या पगारावर येत होतं. तिनं एक जुनी चादर मागितली, चित्र गुंडाळलं आणि तीनला कामाची पाळी संपल्यावर ते उराशी धरून ती बसमध्ये बसली.

घरी ओझेला, तिची एक्क्याऐंशी वर्षांची आई, टेबलाशी बसून घेवडा मोडत होती. लोकांच्या स्वयंपाकघरांत तिनं चाळीस वर्षं काढली होती.

“काय आणलंस? दाखव.”

“नको ममा. तुला नाही आवडायचं.”

“माझी आवड मी ठरवीन. सोड ती चादर.”

ममानं चष्मा चढवला. वर्लीन बोलणी खायची तयारी करून उभी होती.

“पाय असे वर टाकून कधी बसलीस गं तू?” ममानं विचारलं.

“नाही बसले. म्हणून तर काढलं.”

ममानं घेवड्याचं भांडं बाजूला सारलं.

“मला काढशील? अशीच. निवांत.”

“आत्ता?”

“मग कधी? मी काय नव्वदीची व्हायची वाट बघू?”

वर्लीननं तिला खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसवलं, पायांखाली स्टूल दिलं, डोक्याचं फडकं सोडून पांढरे केस मोकळे केले. ममानं मान मागं टेकली, डोळे अर्धवट मिटले. वर्लीननं कागदावर पहिली रेघ ओढली आणि ती थांबली.

“ममा, हात सैल सोड.”

“सैलच आहेत की.”

मांडीवरच्या दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या होत्या, अदृश्य झाडूचा दांडा धरल्यासारख्या. वर्लीन उठली, खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली आणि एकेक बोट उलगडू लागली.