टाकी धुण्याचा मजकूर

आमच्या घरी दर रविवारी नाश्ता झाला की एक परीक्षा होते. परीक्षक माझे यजमान, म्हणजे हे. परीक्षेला बसणार ह्यांची थोरली बहीण अक्का. आणि हातात घड्याळ घेऊन पहारा द्यायला मी.

हे संगणकाच्या पडद्यावर वाचायच्या टाइपची अक्षरं काढतात. त्यातही सेरिफ, म्हणजे टोकांना बारीक पावलं असलेली. ती पावलं डोळ्याला ओळीवरून पुढे चालवतात, असं ह्यांचं म्हणणं. पडद्यावर मात्र ती बारीक काढली तर विरघळतात आणि जाड काढली तर अक्षरं गमबूट घालून निघाल्यासारखी दिसतात. ह्या दोहोंच्या मधलं माप शोधण्यात सहा वर्षं गेली. मला पसंत करायला ह्यांना वीस मिनिटं पुरली होती.

हा टाइप अक्कांसाठी. एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली, मग त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाचन गेलं तर ह्या बाईजवळ दुसरं काय उरणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, म्हणून कोणी बोललं नाही. हे फक्त म्हणाले, "अक्का, तुला वाचता येईल असं अक्षर मी काढतो."

मजकूर कायम एकच. पाण्याची टाकी कशी धुवावी ह्याचं पत्रक, बारा ओळी.

"अहो, बदला की आता," मी एकदा म्हटलं. "धुऊन धुऊन टाकी झिजली."

"मजकूर बदलला तर तुलना कशाशी करू? अक्षर बदलतंय ना, मग बाकी काही हलता कामा नये."

शास्त्र पक्कं होतं. मी वहीत चार रकाने आखले: तारीख, आवृत्ती, सेकंद, अडखळल्याच्या जागा. सुरुवातीला अठ्ठ्याण्णव सेकंद. 'तुरटी'पाशी अक्का हमखास अडकत. मग आकडे उतरू लागले. ह्यांनी पावलं निमुळती केली, अक्का म्हणाल्या, "छान रे बाळ्या." अक्षरांची पोटं आवळली, "आणखी छान." पासष्ट. एक्कावन्न. डोळे विझत चालले होते आणि वेग वाढत होता. लाँड्रीच्या यादीत हरवलेला रुमाल मी चार महिन्यांनी शोधून काढलेला आहे. न जुळणारी गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. ही मी सुटू दिली.

मागल्या रविवारी ह्यांनी घाईत भलतीच फाईल उघडली. पडद्यावर आला तो आमच्या इमारतीच्या बंद लिफ्टबद्दलचा तक्रारअर्ज, ह्याच टाइपातला. माझ्या लक्षात येईपर्यंत घड्याळ दाबून झालं होतं. अक्कांनी चष्मा सारखा केला, पुढे झुकल्या आणि सुरू झाल्या, "टाकी धुण्यापूर्वी खालचा नळ घट्ट बंद करावा..."

ओळ संपली की मान डावीकडे नेत, जणू नवी ओळ धरली. तुरटी तर अशा झोकात म्हटली! "...झाकण लावण्यास विसरू नये. कितीला आलं गं?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

"बघ बाळ्या, जमलं तुला!"

हे पडद्याकडेच बघत होते. "अक्का, हा लिफ्टचा अर्ज आहे."

अक्कांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"मग काय करू? एवढा जीव तोडून कोरतोस, आणि रविवारी माझ्या तोंडाकडे बघत बसतोस. कसं सांगायचं?"

"कधीपासून?"

"मला काय ठाऊक. हिच्या वहीत असेल."

होतं. बाविसाव्या पानानंतर अडखळल्याच्या जागांचा रकाना कोरा. सव्वातीन वर्षं. तेव्हापासून ह्यांनी जे जे तासलं, आवळलं, ते सगळं अक्कांच्या पाठांतराला विचारून. मी तो अर्ज स्वतः वाचून पाहिला. चौथ्या ओळीला मलाही डोळे चोळावे लागले.

ह्यांनी बाविसाव्या पानाची तारीख विचारली, त्या दिवशीची आवृत्ती हुडकून काढली, अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडद्यावर चारच शब्द मावले.

"आता?"

अक्का नाक टेकेपर्यंत पुढे गेल्या. मान ह्या बाजूने तिरकी केली, त्या बाजूने केली.

"पावलं दिसतात रे, कडेकडेची. अक्षर जातं."

"बरं," हे म्हणाले.

"पुढल्या रविवारी बघू परत. मजकूर मात्र दुसरा आण बाबा, ह्या टाकीचा कंटाळा आला."

"आणतो."

दुपारी मी वहीत नवं पान आखायला घेतलं. तारीख घातली. सेकंदांच्या रकान्यापाशी पट्टी धरून बसून राहिले. हे दारात येऊन बघत होते. मग मी तोही रकाना आखला.