टेबलावरचा मेंदू आणि नत्थुजींच्या चपला

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, प्लास्टरचा आहे. अकोल्यात छतांना प्लास्टरची फुलं बसवणाऱ्या गुलाम नबींनी मला घडवलं, त्यांची लेक अमरीन डॉक्टरकी शिकत होती तेव्हा. माझे तुकडे सुटे होतात. उघडमीट करून करून पुढचा तुकडा ढिला झाला, म्हणून अमरीन डॉक्टर मला रबरबँड लावून ठेवतात.

पूर्वी दवाखान्यात येणारा प्रत्येक जण माझं कौतुक करायचा. आता भिंतीवर पडदा आला, त्यात रंगीत मेंदू गरगर फिरतो आणि माझ्या डोक्यावर औषधांचे नमुने ठेवतात. या टेबलावर बसून माझा स्वभाव फार संशयी झाला. का होणार नाही? गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून ‘खर्रा सोडला’ म्हणणारे मी रोज पाहतो.

मागच्या हिवाळ्यात मूर्तिजापूरचे नत्थुजी आले. सोबत पत्नी आशाबाई आणि मुलगा श्याम. नत्थुजी कापसाचे पारखी. गाडीतल्या कापसाला हात लावून घ्यायचा की परत पाठवायचा, हे ते क्षणात सांगत. मग मोटारसायकलवरून पडले, कपाळाला मार लागला. जखम भरली, पण या माणसाला साधा सदरा निवडता येईना. दोन हातांत दोन सदरे घेऊन उभे राहायचे.

“नाटक हाये सारं,” आशाबाई म्हणाल्या. “सगळ्यायची नावं आठोतात, हिशेब जमते, मंग सदराच काहून नाही समजत? डाक्टरीनबाई, आज फैसला करा, नाही तं मी चालली भावाच्या घरी!”

खरं सांगतो, मलाही संशय आला. एवढं बोलणं ऐकूनही नत्थुजी आपले पडद्यातला मेंदू बघत बसले. दाल में कुछ काला, असं मी मनाशी म्हटलं.

श्याम तर चोरी पकडायच्या तयारीनेच आला होता. त्याने बापापुढे कापसाची पिशवी धरली, वर कोरडा कापूस आणि बुडाशी मुद्दाम ओला केलेला. वरचं बघून फसू नये म्हणून पारखी हात थेट तळाला घालतो. नत्थुजींचा हातही आपसूक तळाला गेला.

“खालून ओला हाये.”

“पाहा! डोकं ठिकाणावर हाये!” श्याम ओरडला.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, “मग नत्थुजी, घ्यायचा की परत पाठवायचा?”

बोटं कापसात फिरत राहिली. “घेतला तं वाळवता येते. नाही घेतला तं... पण घेतला तं...” कपाळावर घाम आला. “मले समजते सारं, बाई. मन कुठं टेकतच नाही.” त्यांचे डोळे भरले, आणि मला माझ्या संशयाची लाज वाटली.

अमरीन डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. माझं रबरबँड काढून कपाळामागचा तुकडा आशाबाईंच्या तळहातावर ठेवला. “ओळखणं, आठवणं यांच्या वाटा वेगळ्या, त्या शाबूत आहेत. निवड करताना पेशींचे गट आपापला कौल देतात. ‘हे हवं, ते नको.’ हा भाग आधीचे बरेवाईट अनुभव आठवून त्या कौलांना वजन देतो. मग एक बाजू जड होते. यांना मार इथंच लागलाय, मेंदूच्या फोटोत दिसतोय. यांच्या दोन्ही बाजू सारख्याच राहतात. नाटक नाही हे.”

श्यामला पटलं की नाही, मला अजून शंका आहे. आशाबाईंनी मात्र तुकडा दोन्ही हातांनी परत दिला.

निघताना दाराशी चपलांचा ढीग होता. नत्थुजी त्यापुढे थबकले. आपल्या चपला दिसत होत्या, पण ढिगात या बाजूने शिरावं की त्या, ठरेना. आता आशाबाईंचा तोंडाचा पट्टा सुटणार, अशी माझी खात्री होती.

त्या वाकल्या. नत्थुजींच्या चपला उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. “ह्या घाला. अन् चला आपल्या घरी.”

नत्थुजींनी लगेच घातल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरचं कोणी दोन वस्तूंपुढे असं अडून उभं राहिलं, तर संशय घ्यायचं काम माझ्याकडे सोडा. तुम्ही फक्त त्यातली एक उचलून त्याच्या हातात द्या.