कावळ्यासाठी थाई पार्सल

कावळा शिवला. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, पहिल्याच चोचीत.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. रविवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत, शहागडला गोदावरीच्या घाटावर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दहावा चाललाय आणि कावळा काही शिवत नाहीये.

पिंडापासून चार हातांवर बसलाय. तब्येतीनं चांगला आहे. रामप्रसादकाकांनी हात जोडले, "दादा, वहिनीचं आम्ही बघू." कावळ्यानं पंखात चोच घातली. "सुमितचं लग्न लावून देऊ." कावळा दोन पावलं मागं सरकला. सुमित म्हणजे मी. मला त्याचं पटलं.

मग झुंबरआत्या बोलली, "त्याला ते थायलंडचं जेवायचं व्हतं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नदीकडं बघितलं.

जालन्यात मंठा रोडला एक भारी थाई हॉटेल झालंय. पारंपरिक, शुद्ध शाकाहारी. त्याच्या जाहिरातीचा कागद पेपरात आल्ता, तो अण्णांनी घडी करून पाकिटात ठेवला. आयुष्यभर साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन केलेला माणूस. दर शनिवारी विचारायचा, "सुम्या, उद्या जायचं का?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी, अण्णा." असे चौदा रविवार झाले. पंधराव्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, अण्णा गेले.

"दर्भाचा कावळा करू का?" गुरुजींनी विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"गवताचा न्हाई चालणार," आई म्हणाली. दहा दिवसांतलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य.

"मंग पार्सल आणा जल्दी," आत्या म्हणाली. "अन् ध्यानात ठेवा, कावळा शिवल्याबिगर तुम्ही दोघांनी तोंडात घास घालायचा न्हाई."

काका आणि मी, दोन ताजे गोटे, एका मोटरसायकलवर निघालो. हेल्मेट पहिल्यांदाच ढिलं झालं होतं.

हॉटेलच्या दारात चपला काढायला लावल्या. आत कोरीव लाकडी खांब, पितळी घंटा, पाण्यात सोडलेली कमळं. मालक श्रेयांस, जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांचा पोरगा, थाई पद्धतीनं हात जोडून वाकला. आमची डोकी आणि उपरणी बघून आणखी वाकला.

"भंते, कोणत्या विहारातून आलात?"

"शहागडच्या घाटावरून," काका म्हणाले. "पार्सल पाहिजे."

"पार्सल आम्ही देत नाही, भंते. हे जेवण बसूनच घ्यायचं असतं."

"शेठ, खाणाऱ्याला बसता येत न्हाई. झाडावर राहतो तो."

श्रेयांसनं डोळे मिटून मान हलवली. "मोठे साधक दिसतात."

शेवटी बसलो. खाली गादी, पुढं बुटकं गोल टेबल. त्यावर नारळाच्या दुधाचं सार, कच्च्या पपईची कोशिंबीर, गाजराचा कोरलेला गुलाब आणि वेताच्या टोपलीत चिकट भात. वाढपी प्रत्येक पदार्थाचं नाव सांगून गेला. आम्ही हाताची घडी घालून नुसते बघत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई आपल्या नवऱ्याला आमचा संयम दाखवत होत्या.

बेत असा होता, की काकांनी भाताचा गोळा गुपचूप रुमालात बांधायचा. "सुम्या, हा भात बघ," काका कुजबुजले, "पिंड काय बराबर वळतोय. आपला फुटतो."

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"शिवला."

"कशाला?"

"आपल्याच भाताला."

"काय कबूल केलं त्याला?"

"काहीच न्हाई. आम्ही कटाळून चहा प्यायला गेल्तो. आलो तर खाऊन राह्यला."

फोन ठेवला. म्हणजे अण्णांचं काही राहिलं नव्हतं. किंवा राहिलं होतं, आणि त्यांनी नेहमीसारखं घरचंच खाऊन घेतलं.

"आता खाता येतं," काका म्हणाले आणि त्यांनी रुमाल सोडला.

खाल्लं. सार गरम होतं. पपई कुरकुरीत होती. मला एवढंच कळलं. काकांनी गाजराचा गुलाब दादाला दाखवायचा म्हणून बाजूला काढला, मग आठवलं तसा खाऊन टाकला.

"उद्या ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी जायचंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "बसलाच आहेस तर अर्ज लिहून टाक."

श्रेयांसनं वाकून कागद आणि पेन दिला. मी लिहिलं :

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी.

विषय : मृत्यूच्या तारखेत बदल करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे वडील कडूबा यांचा मृत्यू शुक्रवारऐवजी त्यापुढील सोमवारी झाल्याचे धरण्यात यावे. मधल्या रविवारी अर्जदार मोकळा आहे.