साधनाबाईंची सीडी

मी सीडी बोलतेय. बोलतेय म्हणायचं, एरवी माझ्यात एकही शब्द नाही. नुसत्या कीबोर्डवरच्या प्रेमाच्या धुना. कव्हरवर मेणबत्ती आणि गुलाब; रोमँटिक संकलनावर दुसरं काय असणार?

साधनाबाईंनी मला दिल्लीच्या पालिका बाजारातून आणलं, गुरुग्रामच्या या उंचावरच्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी चहाबरोबर लावायच्या. एक धून संपली की जराशी शांतता असते. तेवढ्यात बाई पुढची धून गुणगुणून मोकळ्या. विश्वनाथराव हसायचे.

बाई गेल्या आणि मी खणात पडले.

मग त्यांच्या मुलाचं, मानसचं लग्न झालं. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं असतं. वडिलांनी सुचवलं आणि मानसने लिहिलं, ‘साधना’. पाहुण्यांनी म्हणे डोळे पुसले. नवरीला, कृतिकाला, कुणी विचारलं नाही. ती मुळातच अबोल.

ती घरात आली त्याच संध्याकाळी विश्वनाथरावांनी मला लावलं. पहिली धून संपली. त्या शांततेत स्वयंपाकघरातून गुणगुणणं आलं. पुढचीच धून, बिनचूक. कृतिकाने मला कधी ऐकलंच नव्हतं. तिचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. सासरे सुखाने चहा पीत राहिले.

पुढे ते ‘साधना, नैनीताल आठवतं?’ असं विचारू लागले. एकदा तिने तिथल्या हॉटेलच्या खिडकीतून काय दिसायचं ते सांगितलंसुद्धा. सांगून झाल्यावर पांढरीफटक पडली. नैनीतालला ती कधी गेलीच नव्हती.

मला माझं नाव परत हवंय, असं तिने मानसला सांगितलं. लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, “यार, आधार कार्डावर कृतिकाच आहेस ना? बाबांना बरं वाटतं, बस्स.” बायको कागदोपत्री शाबूत असली की नवऱ्याला घोर नसतो.

शेवटी तीच सासऱ्यांसमोर उभी राहिली. “बाबा, आई गेल्यात. मी कृतिका आहे.”

मग मला प्लेअरमधून काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. “चुकलंच माझं, बेटा.”

मी पुन्हा खणात. सुटली बिचारी, असं मला वाटलं.

काल संध्याकाळी मानस ऑफिसात होता. विश्वनाथरावांनी जपून, नीट नाव घेऊन हाक मारली, “कृतिका, चहा आणतेस?”

स्वयंपाकघरातून लाडिक आवाज आला, “अहो, आणते ना. जरा दम धरा की.”



इतके दिवस मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे होतंय. पण काल मी तर बंद होते. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर तिला कृतिका म्हणूनच हाक मारा. आणि ओ कोण देतं, ते नीट ऐका.