न जळलेला पूल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पूल आहे. पण मला शोधायला नदीकाठी जाऊ नका. मी असतो संगणकावरच्या एका खेळात. माझ्या एका तीरावर लाल सेना, दुसऱ्या तीरावर पांढरी, आणि दोघींचं हाडवैर.

माझा जन्म सोफिया शहरातला. खेळाची गोष्ट लिहिणाऱ्या रादोस्तिनाने मला मोठ्या मायेने रचलं. एका सेनेचं बोलणं दुसरीला ऐकू जात नसे, नुसते हातवारे नि हावभाव करता येत. म्हणून तिने माझ्या कडेला आलुबुखाराचं झाड लावलं. तिच्याकडे मार्च लागला की लोक लाल-पांढरा पिळलेला धागा मनगटावर बांधतात आणि झाडाला बहर दिसला की तो फांदीला अडकवतात. खेळात पांढऱ्यांना नुसता पांढरा धागा मिळे, लालांना नुसता लाल. दोघं माझ्यावर समोरासमोर आले तरच तो पिळला जाई.

स्तामेन आजोबा पांढऱ्यांतले. जन्मभर ट्राम चालवली आणि बायको गेल्यावर या खेळात जीव रमवला. लालांतली येलित्सा दवाखान्यातली परिचारिका. दमूनभागून यायची आणि माझ्यावर उभी राहायची. आजोबा तिला हसवायला वेडावाकडा नाच करायचे. मार्चमध्ये दोघांनी धागा पिळून झाडाला बांधला.

"बघ गं पोरी, बहर आला!" आजोबा म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मग खेळ बनवणाऱ्यांच्या कचेरीत माझ्यावरूनच वाद पेटला.

"तह कसला लिहितेस, रादोस्तिना?" तिचे साहेब, ओग्न्यान, कडाडले. "भांडण मिटलं तर लोक खेळतील काय, कपाळ? पांढऱ्यांच्या राणीला हा पूल जाळायला लाव!"

"पण साहेब, राणी उगाच पूल का जाळेल? काही कारण तर हवं!"

"कारण मागाहून बघू. आधी पेटव."

रादोस्तिनाने डोळे पुसत माझं मरण लिहिलं. प्रत्येक पांढऱ्याने मला मशाल लावायची, नाहीतर त्याची गोष्ट तिथेच अडणार.

"अहो आजोबा, लावा की!" सोबतची पोरं ओरडली. "नुसतं चित्र आहे ते!"

"चित्र तर चित्र. आयुष्यभर माणसं या टोकाची त्या टोकाला पोचवली रे मी. माझा हात नाही उचलायचा."

"मग बसा इथंच कुजत!" म्हणून पोरं पुढे गेली.

मित्रांनो, या खेळाची रीतच क्रूर आहे. ज्याची गोष्ट पुढे गेली त्याला मी जळालेला दिसतो, ज्याची अडली त्याला धडधाकट. आणि पुढे गेलेला नि मागे राहिलेला, एकमेकांना दिसतच नाहीत. लालांची गोष्ट तर आपोआप पुढे सरकली. येलित्सा आली तेव्हा तिच्यापुढे कोळसा झालेले खांब होते.

"त्या नाचणाऱ्यानेही लावली असेल का रे आग?" ती मलाच विचारत होती. नाही गं बाई, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण पुलाला कुठली वाचा!

पुन्हा मार्च आला. आजोबा पांढरा धागा घेऊन माझ्यावर येतात. "रागावली वाटतं पोर," असं पुटपुटतात आणि तरी नाचतात. त्यांच्यापासून हातभर अंतरावर येलित्सा लाल धागा घेऊन राखेकडे बघत असते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गोष्टी लिहाल. त्यांत भांडणं खुशाल घाला. पण पूल पेटवण्याआधी एकदा वाकून बघा, त्यावर कुणी कुणाची वाट तर पाहत नाही ना?