सहाशे अकरा दगड उरलेत

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. ब्रोकन हिल या खाणींच्या गावातल्या एका पत्र्याच्या घरात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या दांड्याला अंगठ्याएवढा खड्डा पडलाय. तो क्लॅरीच्या अंगठ्याने पाडला. क्लॅरी गेला, खड्डा राहिला. थंडीत दांडा आकसतो, तेव्हा कुणीतरी मला घट्ट धरल्यासारखं वाटतं.

क्लॅरी पॅस्को खाणीत कामाला होता. सहा दिवस जमिनीखाली दगड फोडायचा आणि रविवारी बायकोला, एव्हरिलला, घेऊन माळावर खनिजांचे नमुने गोळा करायला, म्हणजे पुन्हा दगडच फोडायला जायचा. शेजारणी हसायच्या. एव्हरिल म्हणायची, "हसा गं! तुमचे नवरे रविवारी गुत्त्यात शोधावे लागतात. माझा खड्ड्यात सापडतो." मी दगड फोडायचो. ती त्यावर पांढरा ठिपका देऊन आकडा लिहायची आणि वहीत त्या आकड्यापुढे ठिकाण. बेचाळीस वर्षांत सहाशे बारा दगड जमले.

खाणीच्या धुळीने क्लॅरीची फुप्फुसं खाल्ली. जाताना तो एवढंच म्हणाला, "एव्ही, यांची ताटातूट होऊ देऊ नकोस."

एक संग्रहालय सगळे दगड घ्यायला तयार झालं. मुलगी रॉसलिन ॲडलेडहून मदतीला आली. आई बाहेर गेलेली बघून तिने मोठ्या मायेने सगळे दगड टबात घातले आणि साबण लावून तारेच्या ब्रशने घासले.

"आई, बघ कसे चमकतायत!"

एकाही दगडावर आकडा उरला नव्हता. एव्हरिलने वही उघडली, मिटली. "अगं पोरी, सगळ्यांना अनाथ केलंस की."

संग्रहालयाचा माणूस आला, टोपी काढून म्हणाला, "मिसेस पॅस्को, कुठला ते माहीत नसलेला दगड आम्हाला घेता येत नाही." आणि निघून गेला.

माझा संताप होतो तो याचा. प्रत्येक दगडाचं ठिकाण मला पाठ आहे. मीच फोडलेत ते. पण हातोड्याला विचारतं कोण?

आता संध्याकाळी एव्हरिल मला मांडीवर घेऊन अंगणातल्या त्या ढिगापाशी बसते. खड्ड्यात आपला अंगठा ठेवते. "क्लॅरी, सांग ना रे, हा कुठला?" काल एका दगडाची तुटकी कड तिच्या बोटाला लागली. "हा थॅकरिंगाचा! तिथे आपण भांडलो होतो, तुझा नेम चुकला होता!" वहीत ते ठिकाण शोधून तिने दगडावर ठिपका दिला, आकडा लिहिला.

मित्रांनो, कुणाची वस्तू लखलखीत करायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, त्यावरचा डाग म्हणजे काय आहे. रॉसलिनने विचारलं नाही. सहाशे अकरा उरलेत आणि एव्हरिलला त्र्याऐंशीवं लागलंय. ती रोज विचारते. मी रोज ओरडून सांगतो. तिच्या हाताला फक्त लोखंड गार लागतं.